निकामी मूत्रपिंड आणि सरकारी विमा

मानवी शरीरातील जी इंद्रिये आपले काम मुकाट्याने करतात, त्यांत मूत्रपिंडांचा क्रम फार वरचा लागेल. हृदयाची धडधड आपणास ऐकू येते, श्वास आत-बाहेर होताना जाणवतो, पोट रिकामे झाले की तक्रार करते. मूत्रपिंडे मात्र पाठीच्या कण्याच्या दोहो बाजूंस, फासळ्यांच्या आडोशाला, रात्रंदिवस आपले कार्य करीत असतात आणि त्यांची आठवणही कोणास होत नाही. प्रत्येक मूत्रपिंडाचे वजन सुमारे दीडशे ग्रॅम. त्यात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात, त्यातील उपयुक्त भाग पुन्हा रक्तात परत पाठवितात आणि उरलेला दीड-दोन लिटर मूत्ररूपाने शरीराबाहेर टाकतात. शिवाय रक्तातील क्षारांचा समतोल राखणे, रक्तदाबाचे नियमन करणे, तांबड्या पेशी निर्माण करण्याची आज्ञा अस्थिमज्जेस देणे ही कामेही त्यांच्याकडेच असतात.

अशी ही इंद्रिये मधुमेह, उच्च रक्तदाब, मुतखडे, जंतुसंसर्ग, वेदनाशामक गोळ्यांचा अनिर्बंध वापर इत्यादी कारणांनी हळूहळू झिजू लागतात. निसर्गाने क्षमता इतकी सढळ हाताने दिली आहे की, अर्ध्याहून अधिक शक्ती नष्ट होईपर्यंत मनुष्यास बहुधा काही जाणवतच नाही. जेव्हा पाय सुजतात, भूक मरते, धाप लागते आणि वैद्याकडे जावे लागते, तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. मूत्रपिंडे पूर्णपणे निकामी झाल्यावर रक्तात साचलेले विष आणि पोटॅशियम यांमुळे काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत मृत्यू ओढवतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या अवस्थेवर कोणताही उपाय नव्हता. आज उपाय आहे. पण तो महाग आहे आणि जन्मभराचा आहे. म्हणून येथे वैद्यकाचा प्रश्न संपून राज्यव्यवस्थेचा प्रश्न सुरू होतो. हा खर्च कोणी सोसावा, आणि किती सोसावा? या पुस्तिकेत त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

उपाय सापडला कसा?

रक्तातील मलद्रव्ये पातळ पडद्यातून पाझरवून काढण्याच्या क्रियेस अपोहन किंवा रूढ भाषेत डायलिसिस म्हणतात. मनुष्यासाठी उपयोगी पडेल असे अपोहनयंत्र प्रथम तयार केले ते डॉ. विलेम कोल्फ या डच वैद्याने. काळ होता दुसऱ्या महायुद्धाचा आणि देश होता जर्मन सैन्याने व्यापलेला हॉलंड. साधनांचा दुष्काळ असताना काम्पेन गावच्या छोट्या रुग्णालयात, मांसाच्या खाद्यपदार्थांवर वेष्टनासाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या एका फिरत्या पिंपावर गुंडाळून त्यांनी १९४३ साली पहिल्या रुग्णावर प्रयोग केला. आरंभीचे बहुतेक सर्व रुग्ण दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक स्त्री या यंत्रामुळे वाचली, तेव्हा मार्ग बरोबर आहे हे सिद्ध झाले.

तथापि कोल्फ यांचे यंत्र केवळ तात्पुरत्या बिघाडाला उपयोगी होते. प्रत्येक खेपेस रोग्याची एक धमनी व एक शीर कामी येई, आणि अशा रक्तवाहिन्या थोड्याच खेपांत संपून जात. ही अडचण १९६० साली अमेरिकेतील सिॲटल येथील डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी दूर केली. टेफ्लॉन नावाच्या प्लॅस्टिकची एक वाकडी नळी त्यांनी हातातील धमनी व शीर यांच्यामध्ये कायमची बसविली. त्यामुळे रक्ताचा रस्ता पुनःपुन्हा वापरता येऊ लागला. त्या वर्षी उपचार सुरू केलेला त्यांचा पहिला दीर्घकालीन रुग्ण १९७१ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षे जगला. पुढे १९६६ साली धमनी आणि शीर थेट एकमेकींस जोडण्याची शस्त्रक्रिया पुढे आली. फिस्ट्युला या नावाने ओळखली जाणारी ही जोडणी आजही सर्वोत्तम मानली जाते. दरम्यान १९५४ साली बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसवून प्रत्यारोपणाचेही दार उघडले होते.

याप्रमाणे एका असाध्य रोगाला एक नव्हे तर दोन उपाय सापडले. परंतु उपाय सापडणे आणि तो माणसापर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

जगावे कोणी, हे ठरविणारे सातजण

१९६२ साली सिॲटलमध्ये दीर्घकालीन अपोहनाचे केंद्र सुरू झाले. यंत्रे मोजकी आणि रोगी पुष्कळ. तेव्हा कोणास उपचार द्यावा हे ठरविण्यासाठी नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. तिच्यात वकील, धर्मोपदेशक, पेढीवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगारनेता आणि शस्त्रवैद्य असे सातजण होते. त्यांची नावे गुप्त ठेवलेली असत. वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरलेल्या रोग्यांचे वय, विवाह, मुलांची संख्या, मिळकत, शिक्षण, समाजातील उपयुक्तता असल्या गोष्टी तोलून हे सातजण निवड करीत. ज्याची निवड होत नसे, त्याला मृत्यूखेरीज दुसरा मार्ग नसे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लाइफ या साप्ताहिकाने ही हकिगत प्रसिद्ध केली आणि अमेरिकेत मोठी खळबळ माजली.

त्या सातजणांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. त्यांच्यापुढे वाटण्यासाठी पुरेसे काही नव्हतेच. जेथे सार्वजनिक तरतूद नसते, तेथे निवड ही होतेच. ती समितीने केली तर ती दिसते आणि बाजाराने केली तर ती दिसत नाही, एवढाच फरक. पैसे नाहीत म्हणून उपचार अर्ध्यावर सोडून घरी परतलेल्या रोग्याचीही कोणीतरी निवड केलेलीच असते. मात्र त्या निवडीचे इतिवृत्त कोठे लिहिले जात नाही.

अमेरिकेतील १९७२ चा कायदा

अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा १९६५ च्या कायद्याने आला होता. मूत्रपिंडाचे रोगी मात्र बहुधा त्याहून कमी वयाचे असत. १९६७ साली सरकारने नेमलेल्या एका तज्ज्ञ समितीने अपोहन व प्रत्यारोपण यांचा राष्ट्रीय पातळीवर भार उचलावा अशी शिफारस केली. नोव्हेंबर १९७१ मध्ये रुग्णांच्या संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याने प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष देताना स्वतःला यंत्राशी जोडून घेऊन तेथेच अपोहन करून दाखविले. ३० सप्टेंबर १९७२ रोजी सीनेटर व्हान्स हार्ट्की यांनी मांडलेली दुरुस्ती सुमारे अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर ५२ विरुद्ध ३ मतांनी संमत झाली. ३० ऑक्टोबर १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली आणि १ जुलै १९७३ पासून सामाजिक सुरक्षा योजनेत अंतर्भूत असलेल्या बहुतेक सर्व कुटुंबांतील रोग्यांना, वय काहीही असो, सरकारी विम्याचे छत्र मिळाले. सातजणांच्या समितीची गरज संपली.

हा कायदा खरोखर थोर होता. परंतु त्यानंतरच्या अर्धशतकाचा अनुभव पाहिला म्हणजे त्यातील दोन उणिवा स्पष्ट दिसतात, आणि आपल्या दृष्टीने त्याच अधिक शिकण्यासारख्या आहेत.

पहिली उणीव अशी की, पैसे ज्या रीतीने दिले जात, त्या रीतीनेच उपचाराची दिशा ठरली. कायद्यापूर्वी सुमारे चाळीस टक्के रोगी घरीच यंत्र चालविण्यास शिकलेले होते, कारण ते स्वस्त पडे. केंद्रात होणाऱ्या प्रत्येक अपोहनाचे पैसे सरकारकडून मिळू लागताच केंद्रे झपाट्याने वाढली आणि घरी अपोहन करणाऱ्यांचे प्रमाण काही वर्षांतच कोसळले. आरंभी सुमारे दहा हजार असलेली लाभार्थींची संख्या पुढे वाढत गेली; आज त्या देशात पाच लाखांहून अधिक माणसे अपोहनावर जगत आहेत.

दुसरी उणीव याहून विचित्र होती. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला नवे मूत्रपिंड टिकविण्यासाठी शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे रोज, जन्मभर घ्यावी लागतात. केवळ मूत्रपिंडाच्या विकारामुळे विमा मिळालेल्या रोग्याचे छत्र मात्र प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी काढून घेतले जाई. म्हणजे शस्त्रक्रियेसाठी सरकार पैसे देई, औषधे संपून मूत्रपिंड निकामी झाल्यावर पुन्हा अपोहनासाठीही देई. पण ते मूत्रपिंड वाचविणाऱ्या गोळ्यांसाठी देत नसे. ही विसंगती दूर करणारा कायदा २०२० च्या डिसेंबरात झाला आणि औषधांचे कायम छत्र १ जानेवारी २०२३ पासून मिळू लागले. मूळ कायद्यानंतर तब्बल पन्नास वर्षांनी!

हाच रोग का?

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. क्षयाचे रोगी आहेत, कर्करोगाचे आहेत, हृदयविकाराचे आहेत. मग एकाच इंद्रियाच्या रोग्यांना विशेष वागणूक का? गरीब देशात एका रोग्याच्या अपोहनावर वर्षाकाठी जेवढे खर्च होतात, तेवढ्यात कितीतरी बालकांना लसी टोचता येतील. मग हा खर्च विवेकाचा म्हणावा काय?

या आक्षेपातील सत्यांश नाकारण्याचे कारण नाही. इतर रोग्यांचा हक्क तितकाच आहे, आणि लसीकरणाचे पैसे कापून अपोहनाची केंद्रे उघडावीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु मूत्रपिंडाच्या विकाराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. विमा म्हणजे अनिश्चित संकटासाठी केलेली तरतूद होय. घरास आग लागेल किंवा लागणार नाही. म्हणून पुष्कळांनी थोडे थोडे पैसे एकत्र करावेत आणि ज्याचे घर जळेल त्यास द्यावेत, हे विम्याचे तत्त्व. ज्याचे मूत्रपिंड निकामी झाले, त्याचे संकट अनिश्चित राहिलेलेच नसते. उद्या, परवा आणि त्यानंतरच्या प्रत्येक आठवड्यात खर्च येणार हे निश्चित असते. जळते घर कोणताही व्यापारी विमा कंपनी आनंदाने विम्यात घेणार नाही. यास्तव हा भार एकतर त्या कुटुंबावर पडतो किंवा सर्व समाजावर. मधला मार्ग जवळपास नाहीच. आणि उपचार माहीत असताना, यंत्र शेजारच्या गावी चालू असताना, केवळ पैशाअभावी माणूस मरतो तेव्हा त्या मृत्यूस रोग हे कारण देणे हे अर्धसत्य होय.

आपल्या देशात काय झाले?

भारत सरकारने २९ फेब्रुवारी २०१६ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली. त्या वेळी सांगितलेले आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नव्या रोग्यांची मूत्रपिंडे अंतिम अवस्थेस पोहोचतात आणि त्यामुळे ३.४ कोटी अपोहन-सत्रांची नवी गरज निर्माण होते. आठवड्यास तीन म्हणजे वर्षास १५६ सत्रे, हा गुणाकार कोणत्याही विद्यार्थ्याने करून पाहावा. एका सत्रास सुमारे २,००० रुपये, म्हणजे वर्षास तीन लाखांहून अधिक. देशातील सुमारे ४,९५० केंद्रे बहुतांशी खासगी क्षेत्रात व मोठ्या शहरांत एकवटलेली असल्याने मागणी जेमतेम निम्मी भागते, असेही त्या भाषणात नमूद होते. यावर उपाय म्हणून राष्ट्रीय आरोग्य अभियानातून जिल्हा रुग्णालयांत अपोहनाची सोय करावयाचे आणि दारिद्र्यरेषेखालील रोग्यांना ती विनामूल्य द्यावयाचे ठरले. २०१९ साली पर्युदरीय अपोहनासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध झाली.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा आरंभ झाला. तिच्यात पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे छत्र आहे आणि त्यात अपोहनही येते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाचा विचार न करता, या योजनेत घेण्यात आले. अनेक राज्यांच्या स्वतःच्या योजना आहेत; महाराष्ट्रातील महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणासाठी असलेली अडीच लाखांची मर्यादा २०२३ साली साडेचार लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. दहा वर्षांच्या अवधीत झालेली ही प्रगती लहान नाही. ज्या जिल्ह्यांत अपोहनयंत्र कोणी पाहिलेही नव्हते, तेथे आज ते रोज चालते.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की, आपल्या योजना सत्राचे पैसे देतात, पण मनुष्य केवळ सत्रांवर जगत नाही.

एका रोग्याचे वर्ष

जिल्ह्याच्या गावापासून साठ किलोमीटरवर राहणाऱ्या एका शेतमजुराची कल्पना करू. आठवड्यातून तीन वेळा त्याने केंद्रात जावयाचे. जाण्यायेण्याचे अंतर १२० किलोमीटर. वर्षाच्या १५६ खेपांत तो १८,७२० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या जवळजवळ निम्मा प्रवास करील, आणि तो प्रवास करूनही त्याच गावात राहील. चार तासांच्या अपोहनानंतर थकवा येतो, चक्कर येते, रक्तदाब उतरतो. म्हणून सोबत एक माणूस हवाच. दोघांचे मिळून वर्षातले ३१२ दिवस कामावाचून गेले. यंत्राचा खर्च सरकारने दिला. बसभाडे, बुडालेली मजुरी आणि वाटेतला चहा यांचा हिशेब मात्र त्याच्या घरच्या डब्यातून भागवावयाचा.

त्यातून काय होते? तीन खेपांच्या दोन होतात. पाऊस लागला किंवा सुगी आली की दोनाची एक होते. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास काम करतात; यंत्र पूर्ण नेमाने लावले तरी ते बारा तासच चालते. त्या बारांतून चार वजा झाले म्हणजे फुप्फुसांत पाणी भरते, पोटॅशियम वाढते आणि एखाद्या रात्री हृदय थांबते. योजनेच्या दप्तरात त्या रोग्याची सत्रे विनामूल्य झाल्याची नोंद असते, आणि ती खोटीही नसते.

दुसरी गोष्ट रक्ताच्या रस्त्याची. वर सांगितलेली फिस्ट्युला तयार होण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात; म्हणून ती अपोहनाची वेळ येण्यापूर्वीच करून ठेवावयास हवी. रोगी उशिरा येतो, मग मानेत तात्पुरती नळी घालून काम भागविले जाते. अशा नळीतून जंतू थेट रक्तात शिरण्याचा धोका फार मोठा असतो. साध्या शस्त्रक्रियेला वेळेवर पैसे न मिळाल्याने पुढे जंतुदोषावर त्याहून अधिक खर्च होतो. रक्तक्षयावरची इंजेक्शने, फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या, ठराविक मुदतीने करावयाच्या रक्ततपासण्या यांचीही गोष्ट तशीच. या गोष्टींना चैन म्हणता येणार नाही, कारण त्यांच्यावाचून अपोहन अपुरेच राहते.

तिसरी गोष्ट कुटुंबाच्या सामाईक मर्यादेची. पाच लाखांची रक्कम सर्व कुटुंबाची मिळून असते. सत्राचा दर दोन हजारांहून कमी धरला तरी एकट्या अपोहनात तिचा मोठा वाटा संपतो. त्याच वर्षी घरातील दुसऱ्या माणसास हृदयविकाराचा झटका आला तर उरलेले छत्र तोकडे पडण्याची भीती असते. निश्चित खर्च आणि अनिश्चित संकट ही एकाच पिशवीत घातली म्हणजे असे व्हावयाचेच.

चौथी गोष्ट प्रत्यारोपणाची. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या सामान्य नियमानुसार रुग्णालयातून घरी गेल्यावर पंधरा दिवसांपर्यंतचा औषधखर्च धरला जातो. हाडमोडीस किंवा आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेस तो पुरेसा आहे. परंतु ज्याला दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले, त्याची औषधे सोळाव्या दिवशी थांबत नाहीत. ती कधीच थांबत नाहीत. काही राज्यांनी ही औषधे विनामूल्य देण्याची व्यवस्था केली आहे आणि ती प्रशंसनीय आहे. पण रोग्याचे जीवित तो कोणत्या राज्यात राहतो यावर अवलंबून असावे, हे काही बरोबर नव्हे. आपल्या देशात बहुतेक मूत्रपिंडे जिवंत नातेवाइकांकडून येतात, आणि देणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण अधिक असते. आईने किंवा पत्नीने आपल्या शरीराचा अवयव काढून द्यावा आणि तो गोळ्यांअभावी वाया जावा, यापरता दुर्दैवी अपव्यय कोणता?

काय केले पाहिजे?

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. सरकारी विम्याचे माप सत्र हे नसावे. रोग्याचे संपूर्ण वर्ष हे असावे. एका रोग्यास एक वर्ष जगविण्यास जे जे लागते, ते सर्व एका रकमेत मोजावे आणि ती रक्कम कुटुंबाच्या सामाईक मर्यादेबाहेर ठेवावी. त्यात फिस्ट्युला यावी, इंजेक्शने व तपासण्या याव्यात, रोगी व सोबती यांचे प्रवासभाडे यावे. आंध्र प्रदेशात, जेथे उद्दानम भागातील मूत्रपिंडविकाराने असंख्य शेतमजूर कुटुंबे ग्रासली आहेत, अपोहनावरील रोग्यांना मासिक अर्थसाहाय्य देण्याची प्रथा पडली आहे. बुडालेल्या मजुरीचा विचार राज्य करू शकते, याचे हे उदाहरण होय.

असे माप धरले म्हणजे आणखी एक लाभ होतो. वर्षाची ठराविक रक्कम हाती असली की, कमी खर्चाचा आणि रोग्यास सोयीचा मार्ग शोधण्याकडे व्यवस्थेचे मन आपोआप वळते. पोटाच्या आतील अस्तराचाच गाळणीसारखा उपयोग करणारे पर्युदरीय अपोहन घरी करता येते. त्यास यंत्राची व विजेची सक्ती नाही, तसेच केंद्रातील यंत्रास एका सत्रात लागणाऱ्या सुमारे १२० लिटर शुद्ध द्रवाचीही गरज नाही. हवी असते ती स्वच्छता, शिक्षण आणि द्रवाच्या पिशव्यांचा नियमित पुरवठा. थायलंडने २००८ साली आपल्या सार्वत्रिक आरोग्ययोजनेत मूत्रपिंडाच्या रोग्यांना घेतले, तेव्हा याच पद्धतीस अग्रक्रम दिला आणि दुर्गम खेड्यांपर्यंत उपचार नेला. तेथेही कटकटी झाल्या. २०२२ साली पद्धत निवडण्याची मोकळीक रोग्यांना देण्यात आली. त्यावरून आपण एवढेच शिकावे की मार्ग अनेक खुले असावेत आणि कोणता मार्ग घ्यावयाचा ते वैद्य व रोगी यांनी मिळून ठरवावे. पैसे देण्याच्या रीतीने ते ठरवू नये. प्रत्यारोपणाच्या औषधांचे छत्र तर नवे मूत्रपिंड चालू असेपर्यंत, सर्व राज्यांत, अखंड असावे. यासाठी अमेरिकेप्रमाणे पन्नास वर्षे थांबण्याचे आपणास कारण नाही.

यावर कोणी म्हणेल, की दरवर्षी दोन लाखांवर रोगी वाढत असता हा भार कोणत्याही खजिन्यास पेलणार नाही. हे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच विम्याचा दुसरा हात प्रतिबंधाचा असला पाहिजे. मूत्रातील प्रथिने आणि रक्तातील क्रिॲटिनीन यांच्या साध्या तपासण्यांनी रोग वर्षानुवर्षे आधी ओळखता येतो. रक्तदाब व साखर ताब्यात ठेवल्यास झीज मंदावते. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहासाठी निघालेली औषधे मूत्रपिंडांचेही रक्षण करतात, हे आता मोठ्या चाचण्यांनी सिद्ध झाले आहे, आणि २०२० साली एकस्वाची मुदत संपल्यापासून ते औषध आपल्या देशात पुष्कळ स्वस्त झाले आहे. ज्या रोग्याची अपोहनाची वेळ पाच वर्षांनी लांबली, त्याने स्वतःची पाच वर्षे मिळविली आणि सार्वजनिक निधीतील सातशे ऐंशी सत्रे वाचविली. वर्षभर अपोहन देणारे आणि वर्षभर ते टाळू पाहणारे, हे दोन विभाग एकाच हिशेबाच्या वहीत आले पाहिजेत. आज त्यांच्या वह्या वेगळ्या आहेत, म्हणून प्रतिबंधावर केलेल्या खर्चाचा लाभ कोणाच्याच खात्यात दिसत नाही.

शेवटी वाचकांसाठी दोन शब्द. ही पुस्तिका शाळांतून आणि ग्रंथालयांतून वाचली जाईल. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांस वर्षातून एकदा वरील दोन तपासण्या करून घेण्याचा आग्रह धरावा. अंगदुखीवर दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्या आणून महिनोन्महिने घेऊ नयेत, हेही सांगावे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मृत्यूनंतर अवयवदान करण्याचा जो मार्ग खुला केला आहे, त्याविषयी घरात मोकळेपणी बोलावे. कारण मृत दात्याचे मूत्रपिंड मिळाले तर एका आईचे किंवा पत्नीचे शरीर शस्त्रापासून वाचते. आणि आपल्या तालुक्यात अपोहनाचे केंद्र आहे काय, तेथे सत्राखेरीज आणखी काय काय विनामूल्य मिळते, याची चौकशी करून ती माहिती ग्रंथालयाच्या फळ्यावर लावावी. एखाद्या कुटुंबास योजनेचा कागदच माहीत नसतो, आणि तेवढ्यामुळे त्याची जमीन विकली जाते.

सिॲटलच्या त्या सातजणांपुढे उपचार पुरेसा नसल्याची सबब तरी होती. आपल्याकडे आज यंत्रे येत आहेत, औषधे देशातच तयार होत आहेत आणि कुशल वैद्यही आहेत. जी सोय आहे ती अर्धवट न ठेवता पूर्ण करावयाची, एवढाच प्रश्न आहे. नदीचे पात्र ओलांडण्यासाठी पूल बांधावयास घेतला आणि शेवटच्या दोन कमानी तशाच ठेवल्या, तर त्या पुलावर केलेला सर्व खर्च व्यर्थ जातो. मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी बांधलेल्या या पुलाच्या उरलेल्या कमानी लवकर बांधून काढणे हे राज्याचे कर्तव्य आहे, आणि त्याची आठवण राज्याला करून देणे हे सुजाण नागरिकांचे.